तळटीप : मामा, चांदवड

कायद्याच्या कॉलेजात किस्से शोधावे लागत नाहीत, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते आपोआप साचतात. वरच्या मजकुरात सगळेच विद्वान. खरे रंग खाली तळटिपांत दिसतात. नाशिकच्या एका लॉ कॉलेजात मी एलएलएमचे प्रबंध तपासतो, त्यामुळे माझ्याकडे साठा बराच आहे.

* * *

आमच्या कुलकर्णी मॅडम आधाराशिवाय कुणाचं काही ऐकून घेत नाहीत. कॅन्टीनवाला एकदा म्हणाला, "मॅडम, आजची मिसळ लय झणझणीत हाय."

"आधार?"

त्याने वाटीभर तर्री पुढे केली. मॅडमचं पुढचं लेक्चर मला घ्यावं लागलं.

* * *

सातपूरला कंपनीत शिफ्ट करून शिकणारा एक विद्यार्थी होता. त्याच्या तळटिपा इतक्या नेटक्या, की मला कौतुकच वाटलं. एका टिपेत मात्र लिहिलं होतं, "हा निवाडा मिळवून दिल्याबद्दल मी माझ्या यजमानांची ऋणी आहे."

मॅडमनी विचारलं, "लग्न कधी झालं तुझं?"

"मुली बघणं चालू आहे, मॅडम."

* * *

आणि चांदवडचा संदीप. विषय होता सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवण्याची रूढी. तळटीप : "मामा, चांदवड."

मॅडम म्हणाल्या, "एकाच्या सांगण्यावर रूढी सिद्ध होत नाही. विरोधी मतही नोंदव."

पुढच्या खर्ड्यात तळटीप आली : "मामा, चांदवड. याउलट पाहा : काका, चांदवड. दोघांचं बोलणं बंद आहे."

मॅडमनी प्रबंध परत केला. दुसऱ्यांदाही केला. आता तोंडी परीक्षेत अडकला असता, तर घरचे त्याला कांद्याच्या गाळ्यावर बसवणार होते. पोरगं हुशार, मला खरंच वाईट वाटत होतं.

बाहेरचे परीक्षक कोण येणार हे कळलं, की त्यांचे लेख तळटिपांत पेरायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. मी संदीपच्या कानात नाव सांगितलं.

परीक्षेत बाहेरून आलेले सर म्हणाले, "मामा-काका कोर्टात चालत नाहीत. छापील आधार आहे?"

"हाय ना सर. तुमचाच लेख."

सर खुलले. "असं? दाखवा बरं, मी काय आधार दिलाय."

संदीपने पान उघडून दिलं. तळाशी होतं : "चांदवड तालुक्यातील एका जाणत्या शेतकऱ्याची मुलाखत."

सर चष्मा पुसायला लागले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

संदीप अदबीने म्हणाला, "ते आमचे मामाच, सर. काका बी तिथंच बसले होते, पण तुम्ही त्यांना इचारलंच नाय."