जिन्याखालचं अक्षर

"तोहिदभाई हाईत काय?"

चार वर्षं झाली, तरी महिन्यातून दोन-तीनदा हा प्रश्न शबनमच्या कानावर येतोच. नंबर तोहिदचा. तो तिनं बंद केला नाही. सुरुवातीला "ते आता न्हाईत" एवढंच ती सांगायची. मग पलीकडचा माणूस गडबडायचा, कायतरी पुटपुटून फोन ठेवायचा, आणि आलेलं काम जायचं. हळूहळू ती शिकली. आता म्हणते, "मी त्यांची मिसेस बोलते. काय बंद पडलंय सांगा."

शबनम मूळची कबनूरची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. बाप यंत्रमागावर आणि ही लग्नाआधी कांड्या भरायची. तुटलेला धागा हजारात हुडकायचा आणि न बघता गाठ मारायची, असली तिची बोटं. लग्न होऊन कोल्हापुरात सदर बाजारात आली तेव्हा तोहिद केबल टीव्हीच्या वायरी गच्चीवरनं ओढायचा. पुढं इंटरनेट आलं. नव्या बंगल्यांत प्रत्येक खोलीत भिंतीतनं वायर टाकून द्यायचं काम त्यानं धरलं. भिंतीतलं काम तो करायचा आणि जोडायच्या आखूड वायरींना टोकं बसवायचं काम घरी शबनम करायची. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... आठ तारा ओळीनं लावून पक्कडीत कट्कन दाबायच्या. स्वयंपाक करता करता ती पन्नास टोकं मारायची. तोहिद म्हणायचा, "दुकानातली वायर सुटंल, तुझी न्हाय सुटायची."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो अकरा दिवसांत गेला. मागं राहिली सात वर्षांची मुबशिरा, हत्यारांची पिशवी आणि हा फोन नंबर. त्याचा हँडसेट आधीच्या पावसाळ्यात पाण्यात पडून मेलेला, त्यामुळं त्याचा आवाज कुठं उरला नव्हता. व्हिडिओ सापडले दोनच, तेही दुसऱ्यांच्या लग्नातले, आणि दोन्हींत हा आपला कोपऱ्यात गप्प उभा. कधी चिठ्ठी लिहिली नाही, कधी वही ठेवली नाही. जीव रमवायला शबनमकडं त्याचं म्हणून काही नव्हतं.

तीन महिन्यांनी तिनं पिशवी खांद्याला लावली. दिरानं नाक मुरडलं. गिऱ्हाईकं दारात बाई बघून तिच्या मागं कोण आलंय का ते बघायची. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. तोहिदच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यात होतंच. फक्त शिडीवर चढायचं राहिलं होतं.

पहिल्या वर्षीच ताराबाई पार्कात एका घरी तिनं भिंतीवरची लोखंडी पेटी उघडली आणि ती जागीच थबकली. आत पॅच पॅनेल होतं, म्हणजे घरातल्या सगळ्या वायरी जिथं येऊन थांबतात ती भोकांची पट्टी. प्रत्येक भोकाखाली कागदाची बारकी चिठ्ठी चिकटवलेली: 'हॉल टीव्ही', 'वरची खोली', 'माळ्याखाली'. अक्षर तोहिदचं. त्याची एक खोड होती. अनुस्वाराची टिंबं तो शब्द लिहिताना द्यायचाच नाही. सगळं लिहून झालं की शेवटी एकदम टपाटप द्यायचा, आणि एखादं टिंब हमखास शेजारच्या अक्षरावर पडायचं.

त्या दिवशी शबनमच्या ध्यानात आलं की ह्या माणसानं घरात एक ओळ ठेवली नाही, पण गावभर लिहून ठेवलंय. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटामागं. तेव्हापासून जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला की ती हातातलं काम टाकून जायची. पण ती पॅनेलं एकेक करून कमी होत चालली होती. एक बंगला पाडून तिथं अपार्टमेंट उठलं. एकानं रंग देताना पेटीच काढून भंगारात घातली. तिनं भंगारवाल्याकडं जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, ती गाडी कालच गेली की."

ह्या वर्षी मे महिन्यात आपटेनगरच्या पुढच्या एका बंगल्यातनं फोन आला. वळवात जवळच वीज पडली होती आणि घरातलं नेट बंद होतं. शबनम गेली तर दारात बंगल्याचा मालक धैर्यशील उभा होता. चाळिशीचा, बोलायला मोकळा माणूस.

"या ताई. पेटीवर तुमच्या मालकांचं कार्ड चिकटवल्यालं होतं, म्हणून फोन केला. आता बघा, कालच एक दुकानवाला येऊन गेला. तो म्हणतोय, विजेनं सगळंच गेलंय. दोन्ही डबं काढा, भिंतीतल्या वायरी सोडून द्या आणि घरभर वायफायचं नवीन बसवा. तुम्हीच बसवा की. आणि ती जुनी डबडी जाताना घेऊन जावा. आमाला कशाला पायजे भंगार?"

जिन्याखाली पेटी होती. दार उघडल्याबरोबर जळका वास आला. खाली स्विच होता, म्हणजे खोल्याखोल्यांत नेट वाटणारा डबा, दिवे विझलेला, एका कडेला काळवंडलेला. आणि त्याच्यावर चोवीस भोकांचं पॅनेल, खाली चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. एकवीस चिठ्ठ्या तिनं मोजल्या. 'देवघराजवळ'. 'गच्ची कॅमेरा'. 'पावण्यांची खोली'. त्यातल्या एकीवर नुसतंच 'म्हस'. इतकं त्याचं अक्षर तिनं एका जागी कधी बघितलं नव्हतं.

घेऊन जावा, असं धैर्यशील म्हणाला होता. स्वतःच्या तोंडानं.

तिला दुकानवाल्याचं खोटं पहिल्या वासातच कळलं होतं. जळला होता तो स्विच. वीज लागते ती स्विचला. कुठल्या खोलीतला निरोप कुठं पाठवायचा हे ठरवणारा तो, म्हणून विजेचा मार खाणाराही तोच. पॅनेलला ना वीज, ना डोकं, त्यात जळायला असतं काय? पण हे तिला माहीत होतं, घरच्यांना नव्हतं. ती एक शब्द बोलली नसती, तरी खोटं दुकानवाल्याच्या नावावर गेलं असतं. चार स्क्रू काढायचे, पॅनेल पिशवीत टाकायचं, घरी नेऊन भिंतीला लावायचं. मुबशिरा खेळून आली की दाखवायचं, बघ, हे तुझ्या अब्बांचं अक्षर.

तिनं स्क्रू ड्रायव्हर लावला. एक स्क्रू काढला. दुसरा काढला.

तेवढ्यात धैर्यशीलची बायको मोना चहा घेऊन आली. पेटीकडं बघत म्हणाली, "ताई, ह्यातलं काहीच वाचणार नाही का हो? माझं ऑफिसचं काम मागच्या खोलीतनं चालतं. त्या भिंती जुन्या दगडाच्या आहेत, वायफाय तिथं पोचत नाही. वायर होती म्हणून नोकरी टिकली. ती काढली तर मला पुण्याला जाऊन राहावं लागेल, दुसरं काय."

शबनमनं चहाचा कप घेतला आणि पायरीवर बसली. दोन स्क्रू मुठीत होते. चहा संपवला. मग उठली आणि दोन्ही स्क्रू परत बसवले.

"काय झालं?" मोनानं विचारलं.

"वरचं चांगलं हाय," शबनम म्हणाली. "खालचं गेलंय नुसतं."

धैर्यशील बाहेरनं आत आला. "म्हंजे? दोन्ही एकच न्हवं? दोन्हींना सारखीच भोकं हाईत की."

तिथंच सोप्यात खुर्चीवर त्याची आई, धोंडुबाई, लसूण सोलत बसली होती. तिनंही मान वर केली. शबनम त्या म्हातारीकडंच वळून बोलली.

"मावशी, एसटी स्टँडावर फलाट असत्यात न्हवं? गगनबावडा, राधानगरी, गारगोटी, अशा पाट्या लावलेले? हे वरचं म्हंजे फलाट. प्रत्येक खोलीची वायर आपल्या फलाटावर येऊन थांबत्या. फलाट काय गाडी सोडत न्हाय, नुसता जागेवर असतोय. गाडी कुठली कुठं जाणार ते ठरवतोय कंट्रोलर. हा खालचा डबा कंट्रोलर."

"मग कंट्रोलर मेलाय म्हण की," धोंडुबाई म्हणाली. "फलाट उकरून कशाला टाकताय रं?"

धैर्यशील हसला, पण शंका गेली नाही. "मग हा फलाट पायजेच कशाला? भिंतीतनं आलेली वायर सरळ कंट्रोलरातच खुपसायची."

"भिंतीतली वायर ताठ असत्या, दादा. सारखी काढ-घाल केली की आत तुटत्या, आणि ती तुटली की भिंत फोडाय लागत्या. म्हणून ती मागनं एकदाच बसवायची आणि परत हलवायची न्हाय. पुढनं ही आखूड वायर. हिला कितीबी ओढा, तुटली तर दुसरी लावायची. आणि आज बघा की, कंट्रोलर बदलला तरी घरातल्या एका वायरीला हात लावाय लागणार न्हाय."

तिनं टेस्टर काढला. एकेका खोलीत जाऊन भिंतीतल्या सॉकेटला एक भाग लावायचा, खाली येऊन पॅनेलला दुसरा. एक ते आठ दिवे ओळीनं लागले की वायर धड. असं एकवीस वेळा, वरखाली. एकवीसही धड निघाल्या. तोहिदच्या हातची एकही वायर हलली नव्हती.

आखूड वायरी बघताना मात्र तिच्या कपाळावर आठी आली. टोकं तिच्या हातची नव्हती. वेडीवाकडी दाबलेली, निळं आवरण बाहेर लोंबणारं. असलं तिनं कधी घराबाहेर जाऊ दिलं नसतं.

नवा स्विच आणायला ती गावात गेली आणि तासाभरानं परत आली. तोवर धोंडुबाई खुर्ची सरकवून पेटीपाशीच बसली होती.

"पोरी, तो तोहिद तुझा मालक व्हय गं? मोनानं सांगितलं आत्ता. मला कुठलं म्हाईत. आगं, सहा वर्षं झाली. रोजं हुतं त्याचं, मे महिन्याचं ऊन. भिंत फोडत उभा, आन् पाण्याचा घोट न्हाय. मलाच बघवंना. म्हटलं, बाबा, सांजच्याला माझ्या म्हशीचं दूध तरी घेऊन जा. तर रोज तांब्याभर न्यायचा. म्हणायचा, बायकोला टायफॉईड झालाय, अंगात ताकद न्हाय तिच्या, तिला पाजतो."

शबनम स्विचचं खोकं उघडत होती, तिचे हात थांबले. त्या उन्हाळ्यात ती महिनाभर अंथरुणात होती. रोज संध्याकाळी तोहिद दाट, साईचं दूध आणायचा. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरनं आणलं म्हणायचा. ती त्याला रागवायची, एवढ्या लांब उपाशीपोटी कशाला जाता म्हणून. गिऱ्हाईकाकडनं फुकट काही आणलेलं तिला चालायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि ती आजारी, म्हणून टोकंही त्याला स्वतःच मारावी लागली होती.

"मला ते गंगावेस सांगायचे," ती म्हणाली.

"खोटं बोलला व्हय लबाड!" धोंडुबाई हसली. मग तिनं शबनमचा चेहरा बघितला. सोललेल्या लसणाची ताटली बाजूला ठेवून तिनं शबनमच्या पाठीवर हात ठेवला. शबनमनं तो हात तसाच राहू दिला. खूप वेळ राहू दिला.

स्विच बसला. आखूड वायरी लावल्या. तोहिदनं टोकं मारलेल्या दोन लागेनात, त्या बदलल्या. हिरवे दिवे लुकलुकले, मागच्या खोलीतनं मोना ओरडली, "आलं, आलं!"

पिशवी आवरताना मोना जवळ आली आणि जरा अडखळत म्हणाली, "ताई, एक होतं. ती एकविसावी चिठ्ठी. तिथं म्हस लिहिलंय. पूर्वी मागं गोठा होता, म्हशीवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला होता. म्हस विकली, त्या गोठ्याचंच माझं ऑफिस केलं. पण आता राहू द्या. दुधाचं आईंनी सांगितलं मला. राहू द्या ते तसंच."

शबनमनं चिठ्ठीकडं बघितलं. "न्हाय. चुकीची पाटी नको. उद्या दुसरा कोण आला तर फसंल."

नखानं तिनं ती चिठ्ठी हळूहळू उचलली. चिकटपट्टी वाळली होती, तरी वेळ लागला, तिनं घाई केली नाही. मग कोऱ्या कागदाचा तुकडा कापला, 'ऑफिस' लिहिलं आणि चिकटवलं. वीस चिठ्ठ्यांच्या शेजारी तिची एक. जुनी चिठ्ठी तिनं मोनाकडं धरली.

"मला काय करायचीय?" मोना म्हणाली. "ठेवा की तुम्ही."

घरी आली तेव्हा मुबशिरा सुट्टीचा अभ्यास पसरून बसली होती. अकरा वर्षांची झालीय आता, बापासारखीच लांब बोटं. शबनमनं मोबाईलच्या कव्हरमधनं चिठ्ठी काढून तिच्या वहीवर ठेवली.

"अम्मी, हे काय? म्हस?"

"अब्बांनी लिहिलंय."

पोरीनं चिठ्ठी उचलली, उजेडाकडं धरली, अक्षरावरनं बोट फिरवलं. आधी तिला हसू आलं. मग शबनमनं तिला सगळं सांगितलं: दगडी भिंत, रोजे, तांब्याभर दूध, गंगावेशीचं खोटं. मुबशिरा कान देऊन ऐकत होती.

"अब्बा म्हस कसं म्हणायचे गं? बोलून दाखव की. त्यांच्यासारखं."

घरात त्यांची बोली दखनी, पण गिऱ्हाईकाशी तो अस्सल कोल्हापुरी बोलायचा, जोरात, शेवटचं अक्षर ओढत. शबनमनं तोंड उघडलं. शब्द आला, पण आवाज तिचाच होता. तिनं परत म्हणून बघितलं. तसं नाही. तिसऱ्यांदा म्हणायला गेली आणि थांबली.

"असं न्हाय," ती म्हणाली. "आज आठवत न्हाय मला."

मुबशिरानं चिठ्ठी वहीवर ठेवली. ती आईच्या मांडीला टेकून बसली आणि हलक्या आवाजात स्वतःच म्हणून बघू लागली, कधी जाड आवाजात, कधी बारीक, प्रत्येक वेळी आईच्या तोंडाकडं बघत. शबनम तिच्या केसांतनं हात फिरवत ऐकत राहिली.