बेसिनचं पाणी कुठं सोडायचं

मंडळी, आज थळच्या घरी अखेर बेसिन बसलं. मोरीत वाकताना बायकोची कंबर धरायची, म्हणून तिच्यासाठीच मुंबईहून लाँचनं आणलं होतं.

मिस्त्रीनं भोकात जाळी बसवली, आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावून खालची नळी आवळली. तांब्याभर पाणी ओतून बघितलं, थेंबभरही गळलं नाही.

"दादा, पानी कुठं सोडू? गटारात का परसात?" त्यानं विचारलं.

मी सवयीनं स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडलो, "अगं, पाणी कुठं सोडायचं?"

मिस्त्रीनं आवळलेली नळीच पुन्हा आवळायला घेतली. ती वारून महिना झाला, हे त्यालाही ठाऊक होतं.

नळी तिच्या अळवाकडं वळवून घेतली. मोरीचं पाणी ती तिथंच घालायची.

अळू तरारेल. पण ही हाक मारायची सवय कशी मोडायची, कुणी सांगेल का?