मेंदीची पाकिटं आणि फ्रेंच नटी

एर्लांगेनच्या एका छोट्या थिएटरात महिनाभर दर मंगळवारी एकाच फ्रेंच नटीचे सिनेमे लागले होते. पहिल्यात ती विशीतली, शेवटच्यात सत्तरीतली. केस पांढरेशुभ्र, कॅमेरा थेट सुरकुत्यांवर, आणि हिरॉइन तरीही तीच.

मी पंचावन्नची. वीस वर्षं महिन्यातला एक रविवार डोक्याला मेंदी थापून बसण्यात घालवलेला. त्या शेवटच्या मंगळवारी घरी आले आणि पुण्याहून आणलेली सगळी पाकिटं फोडली. मेंदी ओल्या कचऱ्यात, पाकिटं प्लॅस्टिक-कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. शेवटी राहते जर्मनीत.

दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी माझं डोकं पाहिलं. "अगं, पुतणीच्या लग्नाला अशी येणार? फोटोत माझ्याहून म्हातारी दिसशील."

"दिसू दे की," मी म्हटलं. "फोटोग्राफरला सांगून ठेवा, आई. माझा फोटो जवळून काढायचा."