भांड्यांवर कोरलेली नावे

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात मेडशीपर्यंत रस्ता मिळावा, म्हणून दिल्लीहून पाहणीस आलेल्या एका अर्थतज्ज्ञाला आम्ही जेवायला बोलावले. पुढे तो देशोदेशींच्या सरकारांना विकासाचे सल्ले देऊ लागला. रस्ता मात्र दुसऱ्या गावाला गेला.

गावकरी अजून मला सुनावतात, "आबाजी, तुमचा थाट पाहून भुलला तो! आपल्याले श्रीमंत समजला."

साफ खोटे. मी त्याच्या समोर बसलो होतो. पितळी ताट, तांब्या, वाट्या आम्ही घरोघरून मागून आणल्या होत्या. त्याने एकेक भांडे उचलले, त्यावर कोरलेल्या निरनिराळ्या नावांवरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारले, "ही मंडळी आज कशात जेवणार?"

म्हणजे त्याला सगळे कळले होते. मग रस्ता का दिला नाही, हे मला आजही उमगलेले नाही.