शेजारच्या कॉटवरचे सुभेदारसाहेब

नाशिकच्या छावणीत, लष्करी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डला माझं पोस्टिंग होतं. हुद्दा हवालदार, काम नर्सिंग असिस्टंटचं. मूळव्याध, भगंदर, हर्निया हे आमचं रोजचं. सीमेवर छाती काढून उभे राहणारे गडी आमच्याकडे पालथं पडायला लाजायचे. आमच्या सर्जन मेजर मॅडम राउंडला आल्या की मी ओरडायचो, "वॉर्ड, सावधान!" ज्याला उठता येत नसे तो कॉटवरच हातपाय ताठ करायचा.

नाईक भोये सुरगाण्याचा, तोफखान्यात ड्रायव्हर. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं घेऊन आला. आतड्याला पीळ पडला होता. मॅडमनी लगेच पोट उघडलं, काळा पडलेला तुकडा काढला आणि टोकं जोडली. नंतर त्याला कॉट मिळाली ती नेमकी त्याच्याच बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या सुभेदारसाहेबांशेजारी. साहेब मूळव्याधीचं ऑपरेशन करून कुशीवर पडले होते आणि तिथूनच हुकूम सोडत होते.

शुद्धीवर आल्यावर भोयेनं एकच विचारलं, "गाडी चालवता येईल ना?"

मॅडमनी खरं ते सांगितलं. आतड्याचा सांधा धरला आणि वारा सरला तर सगळं ठीक. नाहीतर पुन्हा ऑपरेशन, आणि शौचासाठी पोटावर पिशवी. मग स्टिअरिंग सुटणार, हे त्याला न सांगताच कळलं.

तिसऱ्या दिवशीही वारा सरेना. पोट पुन्हा तट्ट झालं. सगळा वॉर्ड कान टवकारून बसला होता.

"रिपोर्ट?" मॅडमनी विचारलं.

"गॅस निल, मॅडम," मी म्हणालो.

स्टेथोस्कोप लावला तर आतडी छान गुरगुरत होती. मॅडम चक्रावल्या. तरी ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं.

तेवढ्यात जीप बदलत बदलत त्याची आई पोचली. तिनं लेकाच्या तोंडाशी कान नेला आणि कपाळावर हात मारला.

"बाई, ह्यो धरून ठेवतोय! शेजारी साहेब हायेत, त्यांच्यापुढं कसा सोडू म्हनतो!"

मॅडमनी सुभेदारसाहेबांकडे पाहिलं. साहेब लालबुंद झाले. मग कुशीवरूनच त्यांनी परेडचा आवाज काढला, "नाईक भोये, विश्राम!"

भोयेनं हुकूम पाळला. गडी तोफखान्याचा आहे हे दाराबाहेरच्या पहारेकऱ्यालाही पटलं. मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, खांदे तेवढे हलत होते.

"शाबास," साहेब म्हणाले. "कंटिन्यू फायरिंग."

त्या दिवशी मी पोट धरून हसलो, आणि आनंदानं डोळेही पुसले.

काही महिने लो मेडिकल कॅटेगरीत, हलक्या कामावर काढून भोयेला गाडी परत मिळाली. पुढे उत्तरेत एका घाटात दरड कोसळली. ताफ्यात सगळ्यात पुढे तो होता. त्यानं हॉर्न दाबून धरला, म्हणून मागच्या गाड्या थांबल्या आणि वाचल्या. भोये गेला.

मी सुरगाण्याला त्याच्या आईकडे गेलो. मनात सलत होतं ते बोलून टाकलं, "मावशी, पिशवी लागली असती तर आज तो घरी असता."

म्हातारीनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"असता. आन् रोज इचारलं असतं, आई, माजी गाडी कोन चालवतं?"