पहिला शिंपला वन्संचा

आमच्या वन्संचं तोंड मिटलेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हिच्याशी आपलं एक दिवस जमायचं नाही. पुढे एकाच शेडमध्ये, एकाच टेबलाशी शिंपले घासत दोघी म्हाताऱ्या व्हायला आलो. भांडणं रोज व्हायची, पण एकही शेवटाला गेलं नाही. मधेच गाडी भरायची वेळ व्हायची ना!

खाडीच्या तोंडाशी आमचे तराफे आहेत. तराफ्यांखाली दोर सोडलेले, दोरांना शिंपले धरतात. ते ओढायचे, ब्रशाने घासायचे, बर्फात घालून क्रेट भरायचे. पण वन्संनी चाखल्याशिवाय एक क्रेट हलत नसे. माझ्या सासऱ्यांपासूनची रीत. शेडच्या कोपऱ्यातल्या शेगडीवर मूठभर शिंपले उकडायचे, पहिला वन्संनी खायचा, मग सगळ्यांचा चहा होईपर्यंत थांबायचं. ओठ चुरचुरले तर माल समुद्रात. नाही चुरचुरले तर वन्सं टेबलावर थाप मारायच्या, "जाऊ दे!"

रीतीचं दुसरं टोक त्यांच्या लेकाकडे. एकुलता एक, गाडी तोच चालवतो. शहरातल्या हॉटेलच्या मागच्या दाराशी पोचला की आचाऱ्यासमोर एक शिंपला आधी त्याने खायचा, तेव्हा आचारी माल उतरवून घेणार. आणि खाण्याआधी आईला फोन. "पोचलो. खाऊ का?" वन्सं म्हणायच्या, "खा." गाडी चालवताना मात्र फोनला हात लावायचा नाही, अशी आईच्या गळ्याची शपथ होती. त्याचे वडील स्टिअरिंगवर फोन कानाला लावूनच गेले. शपथ त्याने एकदाही मोडली नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे संशोधन केंद्रातली एक बाई यायला लागली. बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढायची आणि जे येईल ते बाटलीत भरायची. वन्संनी तिचं नाव ठेवलं बाटलीबाई. बिचारी हसायची. तिनेच आम्हाला बाटलीतला थेंब भिंगाखाली दाखवला होता. केवढी वळवळ त्यात! हेच समुद्राचं दाणापाणी, ती म्हणाली, याच्यावर शिंपला जगतो, मासळीची पिल्लं जगतात. आता वरचं पाणी तापून वरच राहतं, खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. मग चांगलं खाणं अवेळी येतं, थोडं येतं, आणि त्याच्या जागी भलतेच जीव वाढतात. त्यातल्या काहींच्या अंगात विष असतं. शिंपला दिवसभर पाणी गाळतो, विष साठवतो. उकडून ते जात नाही.

"अगं बाई, ते विष उन्हाळ्यातलं," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा पाणी लाल होतं. आंधळ्यालाही कळेल. थंडीत डोळे मिटून खावं."

"थंडी राहिलीय कुठे, मावशी?" बाटलीबाई म्हणाली. "आणि दर वेळी पाणी लाल होतंच असं नाही. बाटलीचा निकाल येईपर्यंत थांबत जा."

"तुझा निकाल येईस्तोवर माझा माल कुजेल. चल, चहा घे."

त्या दिवशी पाणी निळंशार होतं. महिना थंडीचा, पण मी घामाने भिजले होते आणि त्यावरून वैतागलेही होते. बरेच महिने शिंपला आतून सुकलेला निघत होता, त्या दिवशी मात्र टपोरा निघाला. वन्सं हरखल्या. एकावर कुठल्या थांबतात, वाटीभर खाल्ले! चहा झाला. टेबलावर थाप पडली. "जाऊ दे!" भाच्याने हॉर्न वाजवला आणि गाडी गेली.

मी टेबल धूत होते. वन्सं माझ्या सुनेच्या माहेरच्यांची उणीदुणी काढत होत्या आणि मधेच थांबल्या. मी मनात म्हटलं, चला, आज सुबुद्धी सुचली. वळून पाहिलं तर त्या ओठ चोळत होत्या.

"चुना लागलाय का गं माझ्या तोंडाला?" त्यांनी विचारलं. शब्द जड येत होते.

मी पाइप टाकून धावले. "वन्सं! चुरचुरतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. "गाडी," त्या म्हणाल्या. "माझं पोर खाईल गं."

मी भाच्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. घेतोय कशाला, आईचा आज्ञाधारक! आचाऱ्याचा नंबर त्याच्याशिवाय कुणाकडे नव्हता. तोवर बर्फवाल्याने टेंपो आणला. वन्सं चढेनात. दवाखाना एकीकडे, शहराचा रस्ता दुसरीकडे, आणि त्या शहराकडे बोट दाखवत होत्या. पाय लटपटत होते तरी हट्ट सुटेना. "आधी चढा, मग मरा!" मी ओरडले आणि त्यांना अक्षरशः उचलून आत टाकलं. देवा, काय बोलले मी ते!

टेंपोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास अर्ध्यातच अडकत होता. मी एका हाताने त्यांना धरून दुसऱ्याने फोन लावत होते. आणि त्यांच्या एप्रनच्या खिशातला फोन वाजला.

मी घेण्याआधी त्यांनीच दोन्ही हातांनी ओढून कानाशी धरला. भाच्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "आई, पोचलो. खाऊ का?"

वन्संचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. मानेच्या शिरा ताठल्या, डोळे बाहेर आले, पण जन्मभर न थांबलेल्या त्या तोंडातून एक अक्षर निघेना.

"आई? ए आई, बोल की."

"खाऊ नकोस!" मी किंचाळले. वन्संची बोटं ताठलेली, फोन सुटेना. ओढाताणीत तो टेंपोच्या पत्र्यावर आपटला आणि बंद पडला. माझं ऐकलं का त्याने? माझ्या फोनवरून लावला. आधी एंगेज लागला, मग नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

दवाखान्यात त्यांना थेट आत नेलं. श्वासाची नळी घालावी लागेल म्हणाले. दार बंद होईपर्यंत वन्सं माझ्याकडेच पाहत होत्या आणि माझ्याकडे त्यांना द्यायला पोराची काही खबर नव्हती. बाकावर बसून मी नाही नाही ते डोळ्यासमोर आणत होते. तो मेला आचारी, ती ताटली, त्याचं ते हसत हसत खाणं.

मग फोन आला. "मामी, आईला काय झालंय?"

"तू खाल्लंस का?"

"नाही."

"खरं सांग मेल्या! खाल्लंस का?"

"अगं नाही, मामी. ती 'खा' म्हणालीच नाही. आई गप्प बसली म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार. मी ताटली ठेवली, माल तसाच घेऊन परत निघालो. आत्ता गाडी कडेला लावून बोलतोय."

म्हणून फोन घेत नव्हता. चालवत होता. मला हसू आणि रडू एकदमच आलं. नर्सच्या हातापाया पडून आत गेले. वन्संच्या तोंडात नळी होती. कानाशी वाकून सांगितलं, "नाही खाल्लं. येतोय परत." त्यांनी डोळे मिटले आणि डोळ्यांतून पाणी वाहून उशी भिजली.

वन्सं वाचल्या. दुसऱ्या दिवशी नळी निघाली आणि सगळ्यात आधी त्यांनी माझ्या केसांना नावं ठेवली. आता आमच्याकडे आधी बाटली जाते. निकाल येईपर्यंत शिंपले पाण्यातच. किती वेळा निकाल वाईट येतो आणि शेड रिकामी बसते. पूर्वी विषाचा एक हंगाम होता, आता कुठला महिना आपला म्हणावा ते बाटलीबाईलाही सांगता येत नाही.

निकाल चांगला आला त्या पहिल्या दिवशी वन्संनी सवयीने शेगडी पेटवली. मूठभर उकडले, वाटी पुढ्यात घेतली. चहा फिरला. वाटी तशीच राहिली. टेबलावर थाप पडली नाही. शेवटी बाटलीबाईच हळूच म्हणाली, "जाऊ द्या." गाडी गेली.

यथावकाश फोन वाजला. "आई, पोचलो. खाऊ का?"

सगळ्यांचे ब्रश थांबले. "निकाल चांगला आहे, वन्सं," मी म्हटलं. "सांगा ना त्याला."

त्या खाडीकडे पाहत होत्या. पाणी त्या दिवशीसारखंच निळंशार होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "घरी ये जेवायला."

"अगं, मग आचारी माल उतरवून घेणार नाही."

"तर परत आण."

फोन खिशात टाकून त्यांनी ब्रश उचलला. अख्ख्या शेडची दिवसभराची मेहनत त्या गाडीत होती, पण सगळ्यांनी आपापले ब्रश पुन्हा हाती घेतले. मीसुद्धा. आणि संध्याकाळी शेड झाडेपर्यंत वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत.