टॉकीजच्या पडद्यावरची सगुणा

गोंदियाजवळच्या आमच्या फुलचुरात कोणाच्या अंगात आलं, की मी आधी पाणी पाजते आणि मग ‘जेवली का’ म्हणून विचारते. अशा गोष्टींवर माझा विश्वास किती, ते यावरून समजा... तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माझं नवीनच लग्न झालं होतं. माहेर चोरखमारा तलावाकडचं, सासर फुलचूर. तेव्हा इथे नुसती धानाची शेतं होती. आमचे हे गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये फिटर. मी त्यांची दुसरी बायको. पहिली, सगुणा, तापानं गेली होती. तिचा फोटो नव्हता आणि घरात तिचं नावही कोणी घेत नसे. पण मला ती सगळीकडे जाणवायची. हे जेवताना मध्येच हात थांबवत, आणि मला वाटे, तिच्या हातचं आठवून राहिले. चुलीपुढे माझा जीव जळायचा. नसलेल्या बाईशी भांडावं तरी कसं?

तशात स्टेशनजवळच्या टिनाच्या टॉकीजमध्ये एक इंग्रजी सिनेमा लागला. जंक्शनवर गोरे सोल्जर उतरत, त्यांच्यासाठी असले सिनेमे यायचे. एका वेड्या डॉक्टरच्या स्टोरीचा हा दुसरा भाग. पहिल्यात तो आगीत मेला होता म्हणे. यात जिवंत निघतो, पडक्या किल्ल्यात यंत्रं लावतो आणि मेलेल्या बायकोला काचेच्या पेटीतून उठवतो. ह्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तरी मिल सुटली की रोज टॉकीज!

शेजारच्या गोदाकाकूनं मला विहिरीवर गाठलं. “तुहा नवरा त्या मेमसाठी जाऊन राहिला वो. आमच्या घरच्यांनी पाह्यलं. ती पेटीतून उठली का हा रडते.”

मेम असती तर परवडलं असतं... ते कोणासाठी रडतात, हे मला तिथेच कळलं.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, “मले बी दाखवा तो सिनेमा.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“तुमाले तरी काय समजते?”

 पण रविवारी त्यांनी मॅटिनीला नेलं. सोबत गोदाकाकू होती. आम्ही दोघी मागे बायकांत, हे पुढे बाकड्यावर. खरं सांगते, मी पडद्यापेक्षा त्यांच्या पाठीकडेच जास्त पाहत होते.

मग ते यंत्र सुरू झालं. ठिणग्या उडाल्या, पेटीचं झाकण उघडलं. आतली बाई उठून बसली आणि तिनं तोंडावरचं पांढरं कापड ओढलं...

ती मेम नव्हती. सावळी, रुंद कपाळाची, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली — आपल्या इकडची बाई! डॉक्टर बाजूला उभा होता, पण ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती खाली बाकड्यांकडे पाहत होती. ह्यांच्याकडे. तिचे ओठ हलले. नेमक्या त्याच वेळी पुढच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाकडी बडवली, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच, की ह्यांनी मान हलवली. घरात बायको काही सांगते तेव्हा माणूस हलवतो, तशी.

मी काकूचा हात आवळला. “काकू, ही कोन होय?”

“कोन म्हंजे? मेम होय! केस पाह्य तिचे, वाखासारखे भुरे.”

मी पुन्हा पाहिलं. खरंच, गोरी मेम होती.

घरी सासूबाई तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी त्यांना त्या बाईचं वर्णन सांगितलं... कपाळ, गोंदण, कान. त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

“तिचा कान वासरानं फाडला होता,” त्या म्हणाल्या. “डूल ओढलं त्यानं. तुले कोनं सांगतलं हे?”

मी अंगणात गेले. हे पाय धूत होते.

“तुमाले तिथं सगुणा दिसते ना?”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “तुले बी दिसली?”

“रोज दिसत होती?”

“रोज. पन बोलली आजच.”

“काय बोलली?”

त्यांनी टॉवेल घेतला आणि आत निघून गेले.

त्यानंतर ते टॉकीजला कधी गेले नाहीत. जेवताना त्यांचा हात मध्येच थांबेनासा झाला. मला हाक मारू लागले, थट्टा करू लागले. मुलंबाळं झाली, संसार चांगला झाला. गोदाकाकू म्हणायची, “जिंकली तू!” पण मी त्यांना विचारायचं सोडलं नाही. भांडून विचारलं, लाडानं विचारलं. शेवटच्या आजारपणात उशाशी बसूनही विचारलं. दर वेळी एकच उत्तर — “राहू दे ना वो.” आणि तेव्हा चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते माझ्यासाठीचं नसायचं.

जिला मी कधी पाहिलं नाही, तिचा चेहरा एका मेमच्या जागी मला कसा दिसला, याचा अर्थ मला लागलेला नाही. आता लागेल असंही वाटत नाही. त्याची मला तेवढी रुखरुखही नाही. पण भर टॉकीजमध्ये, माझ्यादेखत, माझ्या नवऱ्याला ती काय बोलली... हे मला अजूनही कळायला हवंय.